जगदाळे बाईंची उलटी हजेरी

आमच्या शाळेच्या कार्यकारिणीने जगदाळे बाईंना फसवलं. त्याच झटक्यात शाळेमागच्या वस्तीतल्या बायकांनाही फसवलं, आणि दोन्हीकडे माझा शब्द जामीन होता म्हणून माझीही अब्रू घालवली. हे आधीच सांगून टाकतो. मी दुकानदार माणूस आहे. माल काय आहे ते गिऱ्हाइकाला आधी कळावं, बाकीचं बोलणं नंतर.

शाळेचं नाव लिहीत नाही. दिल्लीत नोकरीला आलेल्या मराठी बाबूंनी आपल्या पोरांसाठी ती काढली. त्यांच्या पोरांची पोरं आता गुडगाव-नोएडाच्या एसी शाळांत जातात. आमच्या बाकांवर बसतात ती उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेल्या माणसांची मुलं. सकाळची प्रार्थना अजून मराठीत आहे. मुलं ती एकही शब्द न चुकता म्हणतात आणि एकाही शब्दाचा अर्थ त्यांना माहीत नसतो. मराठी उरली आहे ती कार्यकारिणीत.

त्या कार्यकारिणीत मी कसा, हेही सांगतो. वडील फौजेत हवालदार, मूळचे आटपाडीकडचे. कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये वाढलो, याच शाळेत शिकलो, आणि सरोजिनी नगरच्या फुटपाथवर मोजे विकत विकत त्याच बाजारात दुकान केलं. शिकलेल्या लोकांना मी का हवा होतो? गॅदरिंगचे पडदे माझ्याकडून यायचे म्हणून. मला ते ठाऊक होतं. मीही त्यांना ओळखून होतो.

बाई पहिल्यांदा दिसल्या त्या दुकानातच. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई, सुती साडी आणि पायात नवऱ्याच्या फौजेतले वाटावेत असे पांढरे कॅनव्हासचे बूट. सहलीसाठी मुलींना स्वेटर घ्यायला आल्या होत्या. मी भाव सांगितला. बाईंनी स्वेटर उलटा केला, शिवण पाहिली आणि म्हणाल्या, “एवढ्यात कसं परवडतं हो?”

“परवडतं म्हणूनच विकतो ना बाई.”

“तुम्हाला परवडतं. ज्यानं शिवला त्याला?”

माझं डोकं फिरलं. भाव जास्त आहे म्हणून भांडणारे रोज येतात. त्यांना कसं वाकवायचं ते मला येतं. भाव कमी का, म्हणून भांडणारी ही पहिली. मी आवाज चढवला, “घ्यायचा तर घ्या, नाहीतर चलो, पुढे व्हा.” बाईंनी शांतपणे स्टूल ओढून घेतलं आणि पर्समधून शेंगदाणे काढले. “ओरडा,” म्हणाल्या, “मी बसते. तुमचं झालं की सांगा.” समोर बसून कुणी शेंगदाणे खात असेल तर माणूस किती वेळ ओरडणार? शेवटी मीच सांगितलं, लुधियानाकडचा माल आहे, कारखाना बंद पडला, उचलून आणला. “हां,” बाई म्हणाल्या, “आता कळलं. द्या बांधून.” भाव एका शब्दाने कमी करून मागितला नाही. मला मात्र दिवसभर वाटत राहिलं की या सौद्यात आपण हरलो.

त्यांचे यजमान सुभेदार होते, निवृत्त झाल्यावर गुडगावच्या एका सोसायटीत सिक्युरिटीचं काम बघायचे. फौजेबरोबर बाईंनी अर्धा देश पाहिला होता, पण हिंदी साताऱ्याचंच राहिलं. “मैं क्या बोलती,” असं सुरू करायच्या आणि क्रियापदं वाटेत सापडतील तशी उचलायच्या. मुलं हसायची. बाई म्हणायच्या, “हस लो. मग मला बरोबर करून सांगा.” मुलं त्यांना हिंदी शिकवायची आणि त्या बदल्यात भूगोल आणि कानावर पडेल तेवढी मराठी शिकायची. शाळेत शिक्षिकेला ‘बाई’ म्हणायची पद्धत आहे, हे त्यांनी एकदा वस्तीतल्या आयांना समजावलं तेव्हा बंगल्यांवर धुणीभांडी करणारी कमला नावाची बाई फिसकन हसली. “बाई तो कोठीवाले हमको बोलते हैं. आप तो मैडम हो.” जगदाळे बाई म्हणाल्या, “तर मग आपण दोघी बाई. बस इकडे.”

गोड स्वभावाच्या मात्र त्या मुळीच नव्हत्या. मुख्याध्यापिकेला न विचारता वर्ग बाहेर काढायच्या. मीटिंगला उशिरा यायच्या आणि लवकर जायच्या. कुणी लांबण लावलं तर तोंडावर “पुढे?” असं विचारायच्या. त्यांनी माझ्या भाषणात दोनदा “पुढे?” केलं आहे.

आणि त्यांची हजेरी उलटी असायची. आपल्याकडे नावं घेतात आणि पोरं ‘हजर’ म्हणतात. बाई वर्गात शिरल्या की विचारायच्या, “आज कोण नाही?” मग रिकाम्या जागेच्या शेजारी जो बसला असेल त्याने उभं राहायचं आणि शेजारी का आला नाही ते सांगायचं. “पता नहीं” चालायचं नाही. माहीत नसेल तर शाळा सुटल्यावर घरी जाऊन बघून यायचं. तापाने पडलेल्या पोराकडे म्हणून संध्याकाळी कुणीतरी पोचलेलं असायचं. एका मुलाला बापाने ढाब्यावर कामाला लावलं होतं. शेजारच्याने वर्गात सांगितलं आणि बाई त्या ढाब्यावर जाऊन चहा पीत बसल्या. शेंगदाणे होतेच. ढाबेवाला कंटाळला, मुलगा परत आला.

आठवीच्या वर्गात ही हजेरी घेता घेता त्यांच्या लक्षात आलं की काही दिवशी एकदम सगळ्या वस्तीतल्या मुली नसतात. मुलगे असतात, मुली नाहीत. शेजारी कोण, तर मुलीच. सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी कमलाची पिंकी आली, तिला विचारलं. पिंकी सहज म्हणाली, “कल टैंकर था.”

वस्तीत नळ नव्हते. शाळेमागचा नाला ओलांडला की पाण्याचा टँकर उभा राहायची जागा. टँकर एक दिवसाआड येई, आणि नेमका शाळा भरायच्या सुमाराला. आया तेव्हा कोठ्यांमधून, म्हणजे बंगल्यांवर, भांडी घासत असायच्या, बाप कामावर गेलेले. पाणी भरायला उरायच्या मुली. मुलगे घरी असले तरी त्यांना कुणी सांगत नसे. का, ते प्रत्येक घराला माहीत आहे.

बाईंनी पुढच्या टँकरच्या दिवशी अख्खा वर्ग उचलून तिकडे नेला. ताकीद एकच: आधी बघा, तोंड उघडू नका. मीही गेलो होतो, नवा सभासद म्हणून तमाशा बघायला. टँकर थांबायच्या आत पोरं त्यावर चढली. पाइपांची खेचाखेच, कॅन डोक्यात, शिव्या. ड्रायव्हर सतबीर, सोनीपतकडचा धिप्पाड माणूस, केबिनच्या काचा वर करून आत बसला होता. आमच्या वर्गातल्या, सरकारी क्वार्टरांत राहणाऱ्या मुलांचं तोंड उघडं ते उघडंच. त्यांच्या वर्गात बसणारी पिंकी चाकावर पाय देऊन वर चढत होती.

परत आल्यावर बाईंनी मुलांकडून एक योजना करून घेतली. चिठ्ठ्या, नंबर, ओळ, सगळं व्यवस्थित. ती वस्तीत नेली आणि पहिल्याच टँकरला तिचा फज्जा उडाला. वस्तीतल्या दांडगटांनी चिठ्ठ्या गोळा करून खिशात घातल्या. शनिवारी शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकून बाईंनी मुलांना आणि आयांना एकत्र बसवलं आणि सुरुवातच अशी केली, “मी चुकले. तुम्हाला न विचारता ठरवलं. आता शिव्या घाला, मग बोलू.” कमलाने खरंच घातल्या. नंतर ती खूप वेळ बोलली, आणि मुलं ऐकत होती.

या शनिवारच्या बैठका पुढे वर्षभर चालल्या. खुर्ची कुणालाही नाही, मलाही नाही. सुरुवात त्याच हजेरीने: आज कोण नाही? आधी मुलं विचारणार आणि मोठी माणसं सांगणार, मग उलट. नववीपासून गैरहजेरी वाढली की शाळा पटावरून नाव काढते, हे आयांना तिथे कळलं. तोवर त्यांना वाटायचं की शाळा कुठे पळून जाते, पाणी पळून जातं. आणि टँकरची वेळ कुठल्याही साहेबाने ठरवलेली नाही, हे आम्हाला तिथे कळलं. आम्ही सगळे अर्ज करायच्या तयारीत होतो. पिंकीने विचारलं, “सतबीर अंकल को किसी ने पूछा है क्या?”

कुणीच विचारलं नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “शेठ, हे तुमचं काम. मला भाव करता येत नाही.”

आता माझी पाळी होती. सतबीरला मी पाणी भरायच्या पंपावर गाठला. त्याला काय हवंय ते आधी त्याच्याकडून काढून घेतलं. सौदा तिथेच सुरू होतो. त्याला पैसे नको होते. “भाई, मेरी तो जान छूटे,” तो म्हणाला. “ऊपर चढ़ जां सैं, टूटी तोड़ दें सैं. मालिक मेरी तनखा में से काटै.” मी विचारलं, एकही माणूस टँकरवर चढला नाही, तोटीला हात लागला नाही, आणि तुझा टँकर आत्तापेक्षा लवकर रिकामा झाला, तर आमची फेरी दुपारी करशील? त्याची दुपारची फेरी पलीकडच्या कॉलनीत होती. तिथल्या लोकांना सकाळ चालणार होती, आमच्या आयांना दुपार, कारण दुपारी त्या कोठ्यांवरून परत यायच्या. कुणाचंच काही जात नव्हतं. सतबीर म्हणाला, “और कोई चढ़ गया तो?” मी म्हणालो, “तो तू सुबह आना. मेरी ज़बान.” वस्तीत जाऊन तोच शब्द आयांना दिला: कुणी चढायचं नाही, तो दुपारीच येईल, माझी जबान.

पाइप कसे लावायचे, कुणी धरायचे, दांडगटांना कुणी आवरायचं, हे आया आणि मुलांनी बैठकीत ठरवलं. दांडगटांनाच तोटी राखायला उभं केलं, ही कमलाची कल्पना. ते चाललं. टँकर दुपारी येऊ लागला, मुली सकाळी शाळेत येऊ लागल्या. हजेरीच्या वेळी पिंकीची जागा भरलेली असायची. मोठा चमत्कार वगैरे काही नव्हता. लोकांनी एकमेकांना विचारलं, आणि दिलेला शब्द पाळला, इतकंच.

जानेवारीत आमची शाळा पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. हुतात्म्यांना अभिवादन, दोन भाषणं, परत येताना मुरथळला पराठे. त्या वर्षी बाईंनी बसमध्ये वस्तीतल्या काही आयांनाही बसवलं. सेक्रेटरीसाहेब प्रभुदेसाई बसच्या दाराशी उभे. कडक इस्त्रीचा माणूस, बोलणं लोण्यासारखं. “जगदाळे बाई, यांचा पानिपताशी काय संबंध?”

“पानिपतात लढणारेच होते का फक्त?” बाई म्हणाल्या. “स्वयंपाकाला, पाण्याला, जनावरांना माणसं होती की बरोबर. बायका होत्या. त्यांच्याशी संबंध आहे यांचा.”

स्मारकाशी धुकं होतं. सेक्रेटरीसाहेब शौर्यावर बोलत होते. कमला बाईंच्या कानाशी लागली, पण तिचा आवाज काही कमी नव्हता, “इत्ती दूर से आए थे लड़ने? खाने-पीने का इंतज़ाम करके नहीं चले थे?” बाईंना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून त्या दगडी ओट्यामागे गेल्या. सेक्रेटरीसाहेबांनी ते पाहिलं. हा हिशेब त्यांनी मनात ठेवला, असं मला तेव्हाच वाटलं.

पण बैठकांची बातमी पसरली होती, आणि ती त्यांना हवी होती. महाराष्ट्रातून शिक्षणातले एक बडे पाहुणे दिल्लीत आले, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये उतरले. सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना आमंत्रण दिलं: ‘शाळा आणि समाज’ असा आमचा अभिनव उपक्रम, आपण पाहायलाच हवा. मीटिंगमध्ये मी सुचवलं, शनिवारी आणा, बैठक दाखवू. ते म्हणाले, “सतरंजीवर बसलेल्या बायका काय दाखवायच्या, माने? व्हिज्युअल काहीतरी पाहिजे.” मी म्हणालो, मग दुपारी टँकर बघायला न्या. ते म्हणाले, पाहुण्यांची दुपारची फ्लाइट आहे.

बाई म्हणाल्या, “मग नका दाखवू.” आणि उठून गेल्या. मीटिंग पुढे चालू राहिली.

कार्यक्रमाच्या सकाळी मी शाळेत पोचलो आणि फाटकातच थबकलो. पटांगणात लाल जाजम. त्याच्या कडेला, झेंडूच्या माळा घातलेला, सतबीरचा टँकर. आणि टँकरपासून मंचापर्यंत वस्तीतल्या मुलींची रांग: लेझीम पथकाच्या पेटीतल्या नऊवारी, नाकात चापाच्या नथी, कपाळावर चंद्रकोर आणि प्रत्येकीच्या कमरेवर पितळी कळशी. पिंकी सगळ्यांत पुढे. नऊवारी तिला मोठी होत होती. एका हाताने ती कळशी धरत होती, दुसऱ्याने काष्टा.

ज्या मुलींच्या डोक्यावरचं पाणी उतरवायला आम्ही वर्ष घातलं, त्यांना पाणी भरायला उभं करून आम्ही त्याचा सोहळा करत होतो. त्याच तासाला त्यांचं गणित बुडत होतं. आणि हे करणाऱ्यांपैकी एकालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं! उलट मुख्याध्यापिका म्हणाल्या, “किती गोड दिसतायत ना?”

मी सेक्रेटरीसाहेबांना बाजूला घेतलं. “टँकर इथे कसा? आज वस्तीचा दिवस आहे.”

“मालकाला फोन केला. एका दिवसाचा प्रश्न आहे हो. आपलं झालं की जाईल तिकडे.”

“झालं की म्हणजे? दुपारचं पाणी सकाळी इथे उभं आहे हे वस्तीला कुणी सांगितलं?”

“माने, हळू. पाहुणे आलेत.”

वस्तीला कुणी सांगायची गरज नव्हती. टँकर वस्तीवरूनच आला होता. घरी होत्या तेवढ्या बाया कॅन घेऊन मागे धावल्या होत्या, काहींनी कोठ्यांवरच्यांना फोन केले, त्या कामं टाकून आल्या. गार्डने फाटक लावून घेतलं. आतून मराठी स्वागतगीत चालू होतं, बाहेरून प्लॅस्टिकचे कॅन फाटकावर आपटत होते.

जगदाळे बाई मुलींच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. मंचावर त्यांची खुर्ची होती, ती रिकामी. पाहुण्यांनीच मागे वळून विचारलं, हे सगळं ज्यांनी केलं त्या बाई कुठे आहेत? चांगला माणूस होता बिचारा, आपल्याला काय दाखवतायत ते त्याला ठाऊक नव्हतं. सेक्रेटरीसाहेबांना माइक पुढे करावा लागला. कुजबुजले, “दोन शब्द. आभाराचे.”

बाईंनी माइक घेतला. पदराने तोंड पुसलं. आणि वर्गात विचारायच्या तसंच, त्याच आवाजात विचारलं, “आज कोण नाही?”

मंचावरचे एकमेकांकडे बघायला लागले. मुलींना मात्र सवय होती. पिंकी पुढे झाली, कळशीसकट. “बाई, मेरी माँ नहीं है.”

“का नाही?”

“गेट के बाहर है. गार्ड अंदर नहीं आने दे रहा.”

पाहुणे म्हणाले, “अहो मग उघडा ना फाटक!” आणि गार्डने उघडलं.

पुढचं लिहायला मला लाज वाटते, आणि ती माझी लाज नाही. बाया आत आल्या. पाणी समोर, आणि ते आज मिळणार की नाही हे कुणालाच माहीत नाही. मागून दांडगट आले. त्यांना तोटी राखायला सांगणारं तिथे कुणी नव्हतं. ही बैठक नव्हती, हा कार्यक्रम होता. बघता बघता लोक टँकरवर चढले. झेंडूच्या माळा तुटल्या, मग तोटी तुटली. लाल जाजमावरून पाणी वाहत मंचाखाली गेलं. सतबीरच्या कपाळावर कॅन लागला, रक्त आलं. त्याने जखमेवर रुमाल दाबला आणि गर्दीतून मला शोधून काढलं. लांबूनच ओरडला, “माने जी! ज़बान गई थारी!”

सेक्रेटरीसाहेब पाहुण्यांना गाडीत बसवत होते. मी मागेच होतो, मला स्पष्ट ऐकू आलं, “पाहिलंत ना? कितीही करा या लोकांसाठी, शेवटी हे असं.”

मी तिथेच त्यांची कॉलर धरली असती. बाईंनी माझं मनगट पकडलं. त्यांची पकड लोखंडी होती. “शेठ, आधी सतबीरला टाके घालून आणा. भांडण काही पळून जात नाही.”

भांडण पळून गेलं नाही, पण बाकी सगळं गेलं. टँकर दुसऱ्याच खेपेला सकाळवर आला. मी पंपावर गेलो, हात जोडले, समजावलं. माझ्या आयुष्यात मी इतका गोड बोललो नव्हतो. सतबीर म्हणाला, “स्कूल के फोन पे ही तो आया था मैं सुबह. अब तुम बताओ, किसकी ज़बान मानूँ?” मी पंपावरून तसाच वस्तीत गेलो. वस्तीतही कुणी दारात उभं केलं नाही. कमला म्हणाली, “आपकी फोटो तो खिंच गई ना, भाई साब? बस, हो गया काम.”

मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटला, ओरडलो, टँकर कुणी बोलावला ते लिहून घ्या म्हणालो. सेक्रेटरीसाहेब शांतपणे म्हणाले, “माने, तुम्ही धंद्यातली माणसं. शिक्षणातले बारकावे वेगळे असतात.” इतिवृत्तात लिहिलं गेलं की शिक्षिकेने पाहुण्यांसमोर जमावाला चिथावणी दिली. बाईंची नोकरी दरवर्षी पुढे वाढवायची, अशी होती. त्या वर्षी ती वाढवली नाही, झालं. काढून टाकलं असं कुणीही म्हणू शकत नाही, इतकं सफाईने. निरोप समारंभसुद्धा ठेवला, नारळ आणि शाल. बाईंनी नारळ घेतला, शाल गार्डच्या खांद्यावर टाकली. “थंडीत दारात तुलाच उभं राहायचंय रे बाबा.”

मी त्यांना म्हणालो, कोर्टात जाऊ, वकील मी देतो. त्या शेंगदाणे सोलत होत्या. “माझ्यासाठी भांडू नका हो शेठ. मला दुसरी शाळा मिळेल. टँकरचं काय?”

टँकरचं काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सुभेदारसाहेबांची तब्येत बिघडली आणि ऑगस्टात ती दोघं दिल्ली सोडून साताऱ्याला निघाली. निघायच्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला, स्टेशनवर सामान पोचवायला गाडी मिळेल का. मी गाडी घेऊन पालमला गेलो तर बाई घरी नाहीत. सुभेदारसाहेब खाटेवर बसलेले, म्हणाले, “वस्तीत गेली. येते म्हणाली.”

या बाजूने नाल्यापलीकडे गाडी जात नाही, टँकर पलीकडच्या रस्त्याने येतो. चालत गेलो. उकाड्याने अंगाला कपडे चिकटत होते. टँकर आलेला होता, वर पोरं चढलेली, तीच खेचाखेच. आणि त्या गर्दीत, प्रवासाची साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पांढरे बूट चिखलात रुतवून, जगदाळे बाई एका पाइपचं टोक दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. दुसऱ्या टोकाला पिंकी. बाई ओरडून तिला सांगत होत्या, “धरलाय मी! तू पळ. पळ गं, पहिला तास सापडेल अजून. मी भरून ठेवते घरात!”

पिंकी जागची हलली नाही. कॅनच्या तोंडात पाइप नीट बसवत म्हणाली, “रहने दो बाई. नाम कट गया मेरा.”

बाईंना ऐकू आलं नसावं. “काय?”

“नौवीं में नाम कट गया. पिछले महीने.”

बाईंनी पाइप सोडला नाही. कॅन भरेपर्यंत धरून ठेवला, मग पुढचा कॅन, मग त्याच्या पुढचा. त्यांची गाडी चुकेल म्हणून मी हाक मारत होतो. एकदाच त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काही त्या नजरेत नव्हतं. एखाद्या दुकानात आत येऊन, माल बघून, काही न घेता माणूस बाहेर पडतो ना, तसं बघितलं. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. सुभेदारसाहेबांना सामानासकट मी स्टेशनवर सोडून आलो. त्या परस्पर रिक्षाने गेल्या.

मी कार्यकारिणी सोडलेली नाही. सोडावी अशी त्यांची फार इच्छा आहे, म्हणून. दर मीटिंगला जातो. शाळेच्या हॉलमध्ये शिरताच समोर काचेच्या चौकटीत त्या सकाळचा मोठा फोटो आहे, फाटक उघडायच्या आधीचा. खाली सोनेरी अक्षरांत ‘शाळा आणि समाज: हातात हात’. नऊवारीतल्या मुलींची रांग, पितळी कळशा, मागे फुलांचा टँकर. जमिनीवर बसलेल्या बाई कापल्या गेल्या आहेत, पदराचा एक कोपरा तेवढा राहिला आहे. सगळ्यांत पुढे पिंकी, काष्टा सावरत हसते आहे. ज्या शाळेच्या पटावर तिचं नाव नाही, त्या शाळेच्या भिंतीवर तिचा चेहरा आहे. देणगीदार आले की सेक्रेटरीसाहेब त्यांना आधी त्या फोटोपुढे नेतात.

तर प्रभुदेसाई, आता माझं ऐका. धंदेवाला आहे, बारकावे मला कळत नाहीत, म्हणून साधंच विचारतो. त्या फोटोत मुलीच्या शेजारी सुटाबुटात तुम्ही उभे आहात. बाईंच्या हजेरीचा नियम तुम्हाला माहीत आहे: जागा रिकामी असेल तर शेजारच्याने उभं राहायचं, आणि “पता नहीं” चालत नाही.

आज कोण नाही ते सगळ्यांना दिसतंय. का नाही, ते उभे राहून सांगा.